आत्याचं वजन चोपन्न किलो



माहेरी गेलं की ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच माझी मोठी माय मला वरपासून खालपर्यंत बघायची. जरा गाल वर आलेले असले की म्हणायची, "आता कशी बाई दिसतेस! अंग भरलं." आणि एखाद्या वर्षी कापसाच्या हंगामात वाळून गेलेली असले तर, "काऊन वाळली वो माय? सासरचे खाऊ घालत नाहीत का?" तुमच्यापैकी निम्म्या जणींनी हे ऐकलं असेल आणि उरलेल्या आता आपल्या लेकीसुनांना म्हणत असतील. आपल्याकडे अंग भरणं म्हणजे सुख. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपास काढले त्यांना दुसरं काय वाटणार?

आज मी तुम्हाला या भरलेल्या अंगाचा इतिहास सांगणार आहे. राजेमहाराजे त्यात नाहीत. पण पुणे जिल्ह्यातल्या बाया आहेत, गडचिरोलीची गावं आहेत, आणि माझी धाकटी आत्याही आहे. सुरुवात तिच्यापासूनच करते, कारण तिच्या बाबतीत मी चुकले होते.

मी नर्स म्हणून नोकरी केली. वरोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांत पायी, सायकलनं, मग लुनावर फिरले. आत्या 2003 मध्ये माझ्याकडे आली, तेव्हा तिला चक्कर यायची. उंची 148 सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच. वजन 54 किलो. रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. भिंतीवर उंची आणि वजनाचा तक्ता लावलेला होता, त्यात मी तिचा आकडा पाहिला आणि सांगितलं, "आत्या, वजन तुझं ठीक आहे. काही काळजी नको." तिचे हातपाय काटकुळे होते. पोट मात्र पुढं आलेलं. पण पाच बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट कोण मोजतं? तीन महिन्यांनी तिला बरं वाटायला लागलं, तशी तिनं गोळ्या बंद केल्या. पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालली असताना, तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यानंतर ती सहा वर्षं जगली आणि ती सहा वर्षं तिच्या सुनेनं तिचं सगळं केलं.

गोळ्या बंद करणं ही आत्याची चूक, हे मला तेव्हाही कळत होतं. पण भिंतीवरचा तो तक्ता तिच्यासाठी नव्हताच, हे मला फार उशिरा कळलं. तो कुणाच्या अंगावरून बेतला होता, ते ऐका.

आपल्या देशात लठ्ठपणाचा विचार पूर्वी झालाच नव्हता असं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. त्यात आठ प्रकारच्या देहांची चर्चा आहे, आणि त्यातल्या दोघांवर चरकानं सगळ्यात जास्त लिहिलं आहे, अति जाड आणि अति बारीक. अति जाड माणसाचं आयुष्य कमी होतं, अंगात बळ राहत नाही, घाम फार येतो, भूक आणि तहान फार लागते, असं तिथं म्हटलं आहे. कारणंही दिली आहेत, फार खाणं, गोड आणि जड खाणं, कष्ट न करणं, दिवसा झोपणं, आणि आईबापाकडून आलेला स्वभाव. त्यावर जव, मूग, कुळीथ खायला सांगितलं आहे. दोघांत बारीक माणूस बरा, कारण जाडाला बरं करणं अवघड, असंही त्याचं मत. पण हे सगळं लिहिलं गेलं ते बसून खाणाऱ्यांसाठी. ज्या बाईनं पहाटे जात्यावर दळलं, विहिरीवरून पाणी आणलं, दिवसभर निंदण केलं, तिच्या अंगावर चरबी चढायला जागाच कुठं होती?

वजन मोजून माणसाचा धोका सांगायची पद्धत मात्र युरोपातून आली. बेल्जियममध्ये आडोल्फ केटले नावाचा गणिती होता. 1830 च्या दशकात त्यानं माणसांची मापं गोळा केली आणि पाहिलं की मोठ्या माणसांचं वजन उंचीच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतं. म्हणजे किलोमधलं वजन घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. तो काही डॉक्टर नव्हता, 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्याला शोधायचं होतं. पुढं 1972 मध्ये अमेरिकेच्या अँसल कीज या शास्त्रज्ञानं त्या भागाकाराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. आपण त्याला बीएमआय म्हणतो. पंचवीसच्या वर गेलं की वजन जास्त, तीसच्या वर गेलं की लठ्ठ, हे आकडे बहुतेक गोऱ्या लोकांच्या पाहणीवरून ठरले.

जास्त वजनाचा हृदयाशी संबंध आहे हे पक्कं कळलं ते अमेरिकेतल्या एका लहान शहरामुळे. 1945 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा वरचा रक्तदाब 300 पर्यंत गेला होता. मधली काही वर्षं तो वाढतच होता. पण वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, असं तेव्हाचे मोठेमोठे डॉक्टरही मानायचे. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे, तर माझ्या आत्याचं काय घेऊन बसलात. मग 1948 मध्ये बॉस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम गावात सरकारी पैशानं एक अभ्यास सुरू झाला. 5,209 माणसं निवडली, तोवर धडधाकट असलेली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, तपासायचं, आणि कुणाला काय होतं ते लिहून ठेवायचं. या 5,209 मध्ये अर्ध्याहून जास्त बाया होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण हृदयविकार हा पुरुषांचा रोग असा समज तिकडेही होता, इकडेही आहे.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल, बिडी-सिगारेट, ही हृदय बिघडवणारी कारणं आज शाळेतल्या पोरालाही माहीत आहेत, ती याच गावानं शिकवली. वजनाबद्दल मात्र वाद राहिला. काही म्हणायचे, जाड माणसाला रक्तदाब असतो, साखर असते, म्हणून त्याचं हृदय जातं, नुसत्या जाडीनं काही होत नाही. 1983 मध्ये फ्रेमिंगहॅमच्या 26 वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, तेव्हा दिसलं की बाकीची कारणं बाजूला ठेवली तरी वजन स्वतःही धोका वाढवतं, बायांमध्येसुद्धा.

पण चरबी किती आहे यापेक्षा ती कुठं आहे याला जास्त महत्त्व आहे, हे त्याच्याही आधी एका फ्रेंच डॉक्टरनं हेरलं होतं. मार्सेय शहरातले जाँ वाग यांनी 1947 मध्येच लिहिलं की मांड्या आणि नितंब भरलेल्या माणसापेक्षा पोट आणि वरचा भाग भरलेल्या माणसाला मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे रोग जास्त होतात. कित्येक वर्षं कुणी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

असं का होतं? घरातल्या धान्याचा हिशेब डोळ्यांपुढं आणा. पीक आलं की आपण ते कणगीत भरतो. कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. त्यात साठलेलं बरंच निरुपद्रवी असतं, अडीअडचणीला कामीही येतं. कणगी लहान असली आणि धान्य येतच राहिलं तर काय होतं? पोती स्वयंपाकघरात येतात, देवघरात येतात, जायच्यायायच्या वाटेवर येतात. शरीरात तसंच होतं. कातडीखाली जागा उरली नाही की चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, यकृतात आणि स्नायूंत जाऊन बसते. तिथं ती कामात अडथळा आणते. इन्सुलिन हा आपल्या रक्तातली साखर पेशींच्या घरात नेऊन टाकणारा हमाल आहे. यकृत आणि स्नायू चरबीनं भरले की दारं नीट उघडत नाहीत. मग शरीर एका हमालाच्या जागी दोन लावतं, दोनाच्या जागी चार. काही वर्षं असं भागतं, साखर तपासली तर ठीकच येते. शेवटी हमाल थकतात, आणि तेव्हा रक्तात साखर दिसायला लागते. तोवर भरलेलं यकृत रक्तात जास्तीची चरबी सोडत असतं, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आतून खरबरीत होत जातात. अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन या डॉक्टरांनी 1988 मध्ये एका व्याख्यानात हे सगळं एका सुतात ओवून दाखवलं. साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, हे वेगवेगळे शेजारी नसून एकाच घरातले आहेत, असं त्यांचं म्हणणं.

आणि यातलं काहीही दुखत नाही. दाढ दुखली तर बाई आनंदवन चौकात उभी राहून मिळेल ती गाडी पकडून दवाखान्यात जाते. यकृतात चरबी साठली तर कशाला जाईल?

आता पुण्याची गोष्ट. मला ती सगळ्यात जवळची वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासायचे. त्यांच्यापुढं एक कोडं होतं. पुस्तकात लिहिलेलं, की हा मधुमेह चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लठ्ठ माणसांना होतो. समोर येणारे रुग्ण मात्र तरुण असायचे आणि तक्त्याप्रमाणे पाहिलं तर कित्येक जण लठ्ठही नसायचे. तिकडे इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांबद्दल 1991 साली असंच काही छापून आलं होतं. लंडनमधल्या भारतीय उपखंडातल्या माणसांत गोऱ्यांपेक्षा मधुमेह कितीतरी जास्त, आणि तितक्याच वजनाला पोट जास्त.

इंग्लंडातलेच डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर तेव्हा एक वेगळंच सांगत होते. त्यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या सुइणींच्या आणि नर्सांच्या जुन्या वह्या शोधून काढल्या. प्रत्येक बाळाचं जन्माचं वजन त्यात लिहिलेलं होतं. (नर्सांनी लिहिलेल्या वह्या कुणीतरी पन्नास-साठ वर्षांनी उघडून वाचतं, हे मला फार आवडलं.) ज्यांचं जन्माचं वजन कमी होतं, ती माणसं पुढं हृदयविकारानं जास्त मेली होती. म्हणजे आईच्या पोटात उपाशी राहिलेल्या बाळाचं शरीर काटकसर शिकून येतं, आणि पुढं भरपूर खायला मिळालं की तीच काटकसर त्याला नडते.

हे आपल्याकडे खरं आहे का, हे पाहायला याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायांपासूनच नोंदी ठेवायला सुरुवात केली. या शेतकरी बाया सरासरी 152 सेंटिमीटर उंच होत्या आणि वजन होतं जेमतेम 42 किलो. त्या काय खातात, किती राबतात, सगळं लिहिलं. बाळं जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्याही थोडी खालीच. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन गावची बाळं साडेतीन किलोची. आता मजा अशी, की आपली बाळं सगळीकडूनच लहान होती. दंड बारीक, पोट लहान, डोकं लहान. पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटा घेऊन कातडीची जाडी मोजली, तर तिथं फारसा फरक नव्हता. मांस कमी होतं, चरबी मात्र जवळजवळ तेवढीच होती. 2002 मध्ये त्यांनी नाळेतल्या रक्ताबद्दल लिहिलं. या एवढ्याशा बाळांच्या रक्तात त्यांच्या आकाराच्या मानानं इन्सुलिन जास्त होतं. जन्मतःच हमाल जास्त लावलेले. बारीक दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ.

2004 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात एक फोटो छापून आला. दोन माणसं शेजारी शेजारी उभी. एक डॉ. याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. यूडकिन. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. तक्त्याप्रमाणे दोघं अगदी छान. मग यंत्रानं अंगातली चरबी मोजली. यूडकिन यांच्या शरीरात चरबी होती 9.1 टक्के. याज्ञिकांच्या, 21.2 टक्के. दुपटीहून जास्त. हे त्यांनी स्वतःच्याच फोटोखाली छापलं. डॉक्टर माणसानं असं स्वतःचं पोट चारचौघांत उघडं करायचं म्हणजे कमालच आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात माझी आत्या चिखलात पडली.

2004 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी म्हटलं की आशियातल्या लोकांनी 23 पासूनच सावध व्हावं. 2009 मध्ये आपल्या देशातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून भारतीयांसाठी आकडे ठरवले. 23 च्या वर जास्त वजन, 25 च्या वर लठ्ठ. बायांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषांची 90 च्या आत. मी आत्याचा हिशेब पुन्हा केला. 54 किलो, 148 सेंटिमीटर. आकडा येतो चोवीस आणि साडेसहा दशांशाच्या आसपास. जुन्या तक्त्यात हिरव्या रंगात. नव्यात जवळजवळ लठ्ठ. तुमची उंची 150 सेंटिमीटर असेल, चार फूट अकरा इंच, तर 52 किलोला सावध व्हायचं आणि 56 च्या पुढं वजन कमी करायच्या मागं लागायचं. आकडा ऐकून तुम्ही एकमेकींकडे बघत असणार, मला माहीत आहे.

पुण्याच्या अभ्यासातून आणखी दोन गोष्टी निघाल्या त्या आपल्या कामाच्या आहेत. ज्या गरोदर बायांवर शेतातल्या आणि घरातल्या कामाचा जास्त भार होता, त्यांची बाळं आणखी लहान निघाली. आणि ज्या बाया गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं मोठी होती. निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. आणि घरात हे पदार्थ आधी कुणाच्या ताटात पडतात, ते मी सांगायला नको. म्हणून वहिनीचं, सुनेचं गरोदरपण हा तिच्या पोटातल्या पोराच्या पन्नाशीतल्या हृदयाचा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, 1944-45 साली, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या वेळी पोटात असलेली बाळं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात साखरेची तक्रार जास्त आढळली. आपल्या महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ पडला. लोकांनी मिलोची लाल भाकर खाल्ली, खडी फोडली, कामावर सुकडी खाल्ली. त्या वर्षी पोटात असलेली लेकरं आज पन्नाशीच्या पुढं गेली आहेत. या कार्यक्रमाला कान लावून बसलेल्यांतही काही असतील.

आता कुणी म्हणेल, हे पुण्याकडचं झालं. आमच्या जंगलपट्टीत कसली आली चरबी? माझाही तसाच समज होता.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था 1986 पासून काम करते. कोवळ्या बाळांचे मृत्यू गावातल्याच बाईला शिकवून कसे कमी करता येतात, हे त्यांनी जगाला दाखवलं. 1995 मध्ये खुद्द अभय बंगांना हृदयविकाराचा झटका आला. वय होतं 44. दुसऱ्यांचं आरोग्य सांभाळणारा माणूस स्वतःच्या हृदयाकडे कसा बघत नाही, हे त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात मोकळेपणानं लिहिलं. ते पुस्तक महाराष्ट्रभर वाचलं गेलं. पण वाचणारे बहुतेक शिकलेले, शहरातले. हृदयरोग हा डॉक्टर-साहेब लोकांचा, असंच खेड्यात वाटत राहिलं.

मग सर्चच्याच लोकांनी गडचिरोलीच्या 86 गावांत पाहणी केली. लोकवस्ती सुमारे 94 हजार. एप्रिल 2011 ते मार्च 2013 या दोन वर्षांत तिथं जे जे वारले, त्यांच्या घरी जाऊन विचारलं, काय झालं होतं, कसं झालं होतं. 1,599 मृत्यूंची माहिती मिळाली. त्यात हिवताप असेल, क्षय असेल, साप चावला असेल, असं आपल्याला वाटतं. पहिल्या नंबरावर निघाला लकवा. 229 माणसं. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. बहुतेक जण घरातल्या खाटेवरच गेले. 2015 मध्ये हे छापून आलं.

एक सांगून ठेवते. लकव्याचं सगळं खापर वजनावर फोडता येत नाही. वाढलेला आणि न तपासलेला रक्तदाब हे त्यातलं मोठं कारण. आपल्याकडे खर्रा आहे, नस आहे, ताटात वरून घेतलेलं मीठ आहे, लोणचं आहे. बारीक माणसालाही लकवा होतो. पण पोटाची चरबी रक्तदाब वाढवते, साखर वाढवते, म्हणून मी तिला या कटातली मुकादम म्हणते.

जंगलपट्टीत आणि वरोऱ्याच्या काळ्या मातीत बदललं काय, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या लहानपणी आमच्या घरी ज्वारीची भाकर, तुरीचं नाहीतर लाखोळीचं वरण, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी असायची. तेलाचा डबा मोठी माय स्वतःच्या हातात ठेवायची, पळीनं मोजून द्यायची. भात सणाला, नाहीतर धानपट्ट्यातल्या पाहुण्यांकडे गेलं की. गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. नळ आला, गॅस आला. याचं मला काडीचंही दुःख नाही. जात्यावर दळून आमच्या आयांच्या कमरा गेल्या, ज्यांना त्याच्या ओव्या गोड वाटतात त्यांनी चार पायल्या दळून बघावं. पण कष्ट कमी झाले त्या हिशेबानं ताट बदललं नाही. उलट रेशनचा तांदूळ आणि गहू आला, ज्वारी कोंबड्यांना गेली. तेल स्वस्त झालं, पाकिटात आलं. चहा दिवसाला पाच वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर. पोरांच्या हातात पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी. आणि पोरं टाकतात ते, रात्रीचं उरलेलं, कढईला लागलेलं, हे सगळं कुणाच्या पोटात जातं? अन्न टाकवत नाही म्हणून आपल्याच.

"ऑपरेशन झालं अन् बाई सुटली," असंही तुम्ही म्हणता. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात नळ्या बांधतात, त्यानं चरबी वाढायचं कारण नाही. ऑपरेशन होतं पंचविशीच्या आसपास, त्यानंतर अंगावर पाजणं संपतं, लेकरांमागची धावपळ कमी होते, आणि खाणं तेवढंच राहतं. आकडेही तेच सांगतात. देशभरात 2005-06 मध्ये शंभरातल्या बारा-तेरा बाया जास्त वजनाच्या होत्या, 2019-21 मध्ये चोवीस. खेड्यातल्या शंभरात वीस. त्याच पाहणीत पहिल्यांदाच कंबर आणि नितंबाचं माप घेतलं, तर निम्म्याहून जास्त बायांचं कंबर आणि नितंबाचं प्रमाण धोक्याचं निघालं. वजन ठीक, कंबर नाही, अशा कितीतरी. आपल्या महाराष्ट्रात त्याच वेळी शंभरात जवळपास एकवीस बाया हव्यात त्यापेक्षा बारीक होत्या. एकाच घरात सून रक्त कमी म्हणून गोळ्या खाते आणि सासू साखरेच्या. दोघींना एकच सल्ला देऊन भागत नाही.

मग करायचं काय, असं तुम्ही विचारालच. अमेरिकेत 2002 मध्ये एका मोठ्या अभ्यासात साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांना वजन शंभरात सात भाग कमी करायला आणि आठवड्याला अडीच तास भरभर चालायला सांगितलं. औषध काही नाही. मधुमेह होणाऱ्यांची संख्या निम्म्याहूनही खाली आली, 58 टक्क्यांनी. चेन्नईत आपल्याच लोकांवर 2006 मध्ये तसाच प्रयोग झाला, तिथं 28 टक्क्यांच्या वर फरक पडला. आपल्याकडे फायदा कमी दिसतो, पण दिसतो. साठ किलोच्या बाईला चारेक किलो. चार किलो म्हणजे काय मोठं? पण पहिल्यांदा उतरते ती पोटातलीच चरबी, यकृतातली. कणगी रिकामी व्हायच्या आधी देवघर मोकळं होतं.

तेलाचा हिशेब माणशी महिन्याला अर्धा किलो असा धरा. पाच माणसांच्या घराला अडीच किलो. आमच्या गटात पहिल्यांदा विचारलं तेव्हा एकीनं पाच सांगितले, एकीनं सात, आणि एक जण उठूनच गेली. चहातली साखर एकदम बंद करू नका, टिकणार नाही. दोनाचा दीड चमचा, मग एक. भाकर परत आणा. शेतात दिवसभर वाकून काम करता तेव्हा वेगळं चालायची गरज नाही, पण रोवणी आणि कापणीच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत आणि उन्हाळ्यात चला. गरोदर बाईनं आणि बारीक बाईनं मात्र यातलं काही मनावर घेऊन खाणं कमी करायचं नाही. आणि ज्यांना रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी बरं वाटतंय म्हणून त्या बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा नाही. हे मी आत्याच्या वतीनं सांगते, तिला सांगता आलं नाही.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकीचा एक फॉर्म आपली आशाताई भरते. त्यात कंबरेचं माप आहे, 80 सेंटिमीटरच्या आत, 81 ते 90, आणि 90 च्या वर. ती टेप घेऊन आली की तुम्ही "लिही वो अंदाजानं" म्हणता, मला माहीत आहे. लिहू देऊ नका. मापायची रीत अशी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, लुगड्याच्या निऱ्या बाजूला करून, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. मग रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात बघून घ्यायची, तिथं पैसे पडत नाहीत.

आमच्या गटात मागच्या वर्षी संक्रांतीला वाण म्हणून शिंप्याची टेप वाटली. पंधरा रुपयांची. हळदीकुंकू झालं आणि मागच्या खोलीत दार लावून सगळ्यांनी एकमेकींच्या कमरा मोजल्या. हसून हसून पुरेवाट झाली. एकीची 97 निघाली, ती म्हणाली टेपच खोटी आहे, दुसऱ्या टेपनं मोजली तर 98. अठरा जणींत ऐंशीच्या आत निघाल्या फक्त पाच, आणि त्यातल्या दोघींना रक्ताच्या गोळ्या चालू होत्या. मी स्वतः 88. ही मापं आता बचतीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली आहेत, दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजतो. 98 वालीची परवा 93 झाली. तिनं चहा सोडलेला नाही, साखर सोडली आहे, आणि सकाळी गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालत जाते. तिच्या रक्तदाबाची गोळी सुरू आहे. ती घेतली की नाही, हे तिची सून रोज रात्री विचारते.